बॅटरीची हत्यारे : वापर आणि निगा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगाव अशा माला गुंफल्या गेल्या. या व्यासपीठांवरून आपण वेदान्त ऐकला, इतिहास ऐकला, राजकारणावरचे वादही ऐकले. अशा ठिकाणी भिंतीला भोक पाडण्याच्या यंत्रावर बोलायला उभे राहणे म्हणजे करवत घेऊन देवघरात शिरण्यासारखे आहे, असे कोणाला वाटले तर मी त्यांना दोष देणार नाही. परंतु करवतीला आपल्या देवघरात जागा आहेच. खंडेनवमीला सुतार आपला रंधा, पटाशी आणि करवत पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो आणि त्या दिवशी हत्याराला काम सांगत नाही. ज्या वस्तूची आपण वर्षातून एकदा पूजा करतो तिची उरलेले तीनशे चौसष्ट दिवस निगा कशी ठेवावी, एवढाच आजचा विषय आहे.

विषय लहान दिसतो, पण तो आता घराघरांत शिरला आहे. पूर्वी गृहस्थाच्या घरी हत्यार म्हणजे एक हातोडी, एक पक्कड आणि वेळेवर कधीही न सापडणारा स्क्रू ड्रायव्हर. आज पडदे लावायला येणारा मुलगा पाठीवरच्या पिशवीतून बॅटरीचे ड्रिल काढतो. सुतार मनगटाने स्क्रू पिळताना क्वचितच दिसतो. माळी फांद्या छाटायला बॅटरीची करवत आणतो, आणि ज्यांनी जन्मात खिळा ठोकला नाही असे गृहस्थही दिवाळीच्या सवलतीत एक ड्रिल मागवून मोकळे होतात. बाजारात या हत्यारांना ‘कॉर्डलेस’ म्हणतात, कारागीर ‘बॅटरीवाले मशीन’ म्हणतो. मी आज त्यांना बॅटरीची हत्यारे म्हणेन. ती वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती कोणी शिकवलेली असतात. सोबतची पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते आणि मग शिकवणीचे काम अपघाताकडे येते. त्या गुरुजींची फी फार जबर असते.

ही हत्यारे आली कोठून, हे आधी थोडक्यात पाहू. भोक पाडणे ही माणसाची जुनी गरज आहे. आपल्या सुताराकडे गिरमिट होते, दोरीच्या कमानीने फिरणारा सामता होता. त्यांत शक्ती हाताची, आणि हात थांबला की हत्यार थांबे. जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कारखान्यात १८९५ साली हातात धरून चालवायचे विजेचे ड्रिल तयार झाले. अमेरिकेत बाल्टिमोर येथे ब्लॅक आणि डेकर या दोघा तरुणांनी १९१० साली काढलेल्या कारखान्याने त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा दिला. त्याचे पेटंट त्यांना १९१७ साली मिळाले. आजही कोणतेही ड्रिल उचला, मूठ तीच आहे आणि घोडाही तोच आहे. याच कारखान्याने १९६१ साली निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारे, वायर नसलेले ड्रिल बाजारात आणले.

बॅटरीची हत्यारे चंद्रावर जाण्यासाठी शोधली गेली, अशी एक समजूत आहे. ती उलटी आहे. हत्यारे आधी आली, चंद्र नंतर आला. परंतु चंद्रावरची हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपल्या कामाचा एक धडा आहे. १९७१ साली अपोलो १५ च्या यात्रेत डेव्हिड स्कॉट यांनी बॅटरीच्या ड्रिलने चांद्रभूमीला भोके पाडली. खाली माती घट्ट होती आणि नळीवरच्या ज्या पेचांतून चूर वर यायचा, ते सांध्यांपाशी तुटक होते. चूर तेथे तुंबला, नळी अडकली. मातीचा नमुना घेऊन गेलेली दुसरी नळी बाहेर उपसण्यासाठी स्कॉट आणि आयर्विन या दोघांना मिळून जोर लावावा लागला. पुढच्या यात्रेसाठी ती रचना सुधारण्यात आली. म्हणजे चंद्रावर अडले ते मोटारीपाशी नव्हे, चूर बाहेर न पडण्यापाशी. आपल्या दिवाणखान्यातल्या भिंतीतही हेच होते. बिट आत रेटत राहिले की चूर तुंबतो, बिट तापते, मग एकाएकी अडकते. दर दोनचार सेकंदांनी बिट फिरते ठेवून मागे घ्यावे, चूर बाहेर येऊ द्यावा, मग पुन्हा आत घालावे. हत्यार रेटायचे नसते. त्याला त्याच्या गतीने काम करू द्यायचे असते.

चंद्रावरून खाली येऊ. निकेल-कॅडमियमची बॅटरी जड होती आणि तिचा दम लवकर संपे. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. त्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे २००५ पासून ही बॅटरी हत्यारांत शिरली आणि चित्र पालटले. जे काम करायला भिंतीतली वीज लागे, ते मुठीच्या तळाशी बसणारा पाऊण-एक किलोचा ठोकळा करू लागला.

वायर गेली, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वायर पायात येई, पाण्यात पडे, करवतीखाली सापडून तुटे. ती अडचण होती यात शंका नाही. परंतु तीच राखणदारही होती, हे आपल्या लक्षात आले नाही. वायर भिंतीतून उपसून समोर टाकली की हत्यार मेले, हे डोळ्यांना दिसे. दहा वर्षांच्या पोरालाही कळे. कारागीर पाते बदलताना प्लग काढी आणि त्याचे टोक नजरेसमोर ठेवी. बॅटरीच्या हत्यारात ही खूण उरली नाही. ते फळीवर गप्प पडलेले असते तेव्हाही जिवंतच असते. वीज भिंतीत होती, ती हातात आली, आणि हात मात्र ते विसरला. माझ्या मते या हत्यारांचा खरा धोका येथे आहे. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही : बिट, पाते किंवा चकती यांना हात लावण्यापूर्वी बॅटरी काढा. बदलताना काढा, साफ करताना काढा, अडकलेला लाकडाचा तुकडा सोडवताना काढा, शिडी चढताना काढा, दुसऱ्याच्या हाती देताना काढा, संध्याकाळी पेटीत ठेवताना काढा. घोड्याजवळ एक अडसर असतो, तो मधोमध ठेवला की घोडा दाबला जात नाही. तो वापरावा, पण त्याच्यावर विसंबू नये. मोठ्या कारखान्यात दुरुस्तीला उतरणारा कामगार मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो. बॅटरी काढून बाजूला ठेवणे हे आपले तेच कुलूप आहे. त्याला दोन सेकंद लागतात. बोट शिवायला किती वेळ लागतो हे शल्यचिकित्सकाला विचारावे.

यावर कोणी म्हणेल, अठरा व्होल्टच्या बॅटरीने असे काय होणार? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर हिशेबाने द्यावे हे बरे. अठरा व्होल्टचा धक्का कोरड्या त्वचेला बसत नाही, हे खरे. परंतु धक्का म्हणजेच धोका नव्हे. अठरा व्होल्टची, पाच अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. अठरा पाचे नव्वद, म्हणजे तिच्यात नव्वद वॅट-तास ऊर्जा आहे. एवढी ऊर्जा सगळीच्या सगळी उचलण्याच्या कामी लावली, तर पन्नास किलोंचे सिमेंटचे पोते सुमारे ६६० मीटर, म्हणजे जवळजवळ दोनशे मजले, वर जाईल. एवढी शक्ती मुठीच्या तळाशी बसलेली आहे. ती कोणत्या वाटेने बाहेर पडेल, एवढाच प्रश्न.

ड्रिलमधून ती पिळाच्या रूपाने बाहेर पडते. चांगल्या ड्रिलचा पीळ साठ न्यूटन-मीटरपर्यंत असतो. बिट लाकडाच्या गाठीत किंवा सळईत अडकले की बिट थांबते आणि ड्रिल फिरू लागते. तेव्हा मुठीपाशी, वीतभर अंतरावर, पंचवीस-तीस किलोंचा झटका बसतो. मनगट त्याला पुरे पडत नाही. म्हणून मोठ्या ड्रिलबरोबर जी आडवी मूठ येते ती खोक्यात ठेवण्यासाठी नसते. ती लावावी, दोन्ही हातांनी धरावे, आणि शिडीच्या टोकावरून एका हाताने, दुसऱ्या हाताने पंख्याचा हूक धरून भोक पाडण्याचे कौशल्य सर्कशीसाठी राखून ठेवावे. छोटा तुकडा हातात धरून त्याला भोक पाडू नये. तो शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये आवळावा. आणखी एक गोष्ट. फिरत्या बिटाजवळ सुती हातमोजे घालू नयेत. हातमोजा रक्षण करतो असे आपल्याला वाटते, पण त्याचा एक धागा बिटाला गुंडाळला की मागोमाग बोट जाते. ओढणी, लांब बाही, गळ्यातली साखळी, मोकळे केस, मनगटावरचा सैल दोरा, यांनाही तोच नियम.

भिंतीपुढे उभे राहताना वेगळी सावधगिरी लागते. आपल्या हत्याराला वायर नाही, पण भिंतीला आहे. तिच्यात २३० व्होल्टची वीज वाहते आणि बिट तिच्यापर्यंत पोचले तर अठरा व्होल्टची भाषा संपते. दिव्याचे बटण किंवा प्लग जेथे असेल त्याच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायर असण्याचा संभव धरावा. न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत पाण्याचे नळही असतात. शंका असेल तेथे मुख्य स्विच बंद करावा. बॅटरीचे हत्यार अंधारातही चालते, हा त्याचा मोठाच गुण आहे, तो येथे उपयोगी पडावा. आणि हत्यार नेहमी त्याच्या प्लॅस्टिकच्या, रबराच्या मुठीवर धरावे, पुढच्या धातूच्या भागावर नव्हे.

ग्राइंडरची गोष्ट आणखी निराळी. आपल्याकडे सर्रास दिसणारा चार इंची ग्राइंडर घ्या. बॅटरीवरचा असा ग्राइंडर मिनिटाला साडेआठ हजार फेरे घेतो असे धरले, तर चकतीची कड तासाला १६० किलोमीटर वेगाने धावते. क्रिकेटच्या मैदानावर जगातला अतिवेगवान गोलंदाज जेवढ्या वेगाने चेंडू टाकतो तेवढा हा वेग, आणि फलंदाजाला निदान पॅड, शिरस्त्राण आणि बावीस यार्डांचे अंतर असते. आपला कारागीर चपला घालून, डोळे मिचकावून, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर ही चकती चालवतो. चकती फुटली तर तिचा तुकडा याच वेगाने निघतो. म्हणून चकतीवर छापलेला कमाल फेऱ्यांचा आकडा ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा मोठा आहे ना, हे पाहावे. कापण्याच्या आणि घासण्याच्या राळेच्या चकत्यांना मुदत असते. ती मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली असते. मुदत संपलेली, ओल लागलेली, खाली पडलेली चकती लावू नये. आणि चकतीवरचे लोखंडी कवच काढू नये. काम नीट दिसत नाही म्हणून ते काढले जाते. पण ज्याला डोळाच राहिला नाही त्याला काय दिसणार?

याहून वाईट प्रघात म्हणजे ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावणे. वेगळी करवत घ्यायला पैसे पडतात म्हणून हे केले जाते. लाकडात दात रुतला की ग्राइंडर उसळून मागे येतो. करवतीला हे उसळणे आवरायला तळपट्टी असते, खालून आपोआप मिटणारे कवच असते, ग्राइंडरला ते नसते. मांडी, पोट, मान, जे वाटेत येईल ते कापले जाते. ही काटकसर नव्हे. बॅटरीच्या गोल करवतीतही हेच आवरण काही कारागीर तार बांधून कायमचे उघडे ठेवतात. तसे करू नये. फळी कापताना तिला असा आधार द्यावा की कापलेला भाग सुटून खाली जाईल. दोन्ही टोकांना टेकू देऊन मधोमध कापले की फळी वाकून पाते चिमटीत धरते आणि करवत उसळते. स्वतः पात्याच्या रेषेत उभे न राहता थोडे बाजूला उभे राहावे. आणि घोडा सोडल्यावर पाते पुरते थांबेपर्यंत हत्यार खाली ठेवू नये.

डोळ्यांबद्दल बोललो. कान, फुप्फुसे आणि हात यांबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण त्यांची इजा रक्त काढीत नाही म्हणून ती कोणाला दिसत नाही. काँक्रीट, टाइल आणि स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट यांत सिलिका असते. तिची श्वासाबरोबर जाणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली ही धूळ कर्करोगकारक ठरवली, लाकडाची धूळ त्याआधीच ठरवली होती. तोंडाला रुमाल बांधणे हे समाधान आहे, संरक्षण नव्हे. एन-९५ जातीचा मास्क लावावा, खिडक्या उघडाव्या, आणि घरातली मुले व म्हातारी माणसे दुसऱ्या खोलीत बसवावी. हादऱ्यांबद्दल म्हणाल, तर अमेरिकेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली इंडियाना प्रांतातल्या दगडखाणीच्या कामगारांची तपासणी करून दाखवून दिले की हादरणारी हत्यारे सतत धरल्याने बोटांतला रक्तपुरवठा बिघडतो, बोटे पांढरी व बधिर पडतात. दिवसभर काँक्रीट फोडणाऱ्याने मधून मधून हात बदलावा, विसावा घ्यावा, आणि कानांत बोळे घालावे.

आता बॅटरीकडे वळू. हत्यार बिघडले तर काम थांबते, बॅटरी बिघडली तर घर पेटू शकते, म्हणून तिचा मान पहिला. तिच्या पोटात बोटाएवढ्या नळकांड्यांसारखे सेल असतात. अठरा व्होल्टसाठी ते पाच-पाचच्या ओळीने जोडलेले असतात. चांगल्या बॅटरीत त्यांच्यावर पहारा करणारी एक छोटी विद्युत् पट्टी असते. ती सेल फार भरू देत नाही, फार रिकामे होऊ देत नाही, तापले की प्रवाह तोडते. नकली स्वस्त बॅटरीत बहुधा हा पहारेकरीच गैरहजर असतो. बाहेरून रंग तोच, नाव तेच, आणि किंमत निम्मी. ती निम्मी किंमत कोठून आली हे तेथे समजते. चार्जरही त्याच बनावटीचा वापरावा.

चार्जिंगचे नियम सोपे आहेत. उन्हात, चुलीजवळ, गादीवर किंवा कपड्यांच्या ढिगात चार्जर ठेवू नये. फरशीवर किंवा सिमेंटच्या कट्ट्यावर, मोकळ्या हवेत ठेवावा. घरातून बाहेर जाण्याच्या वाटेवर, दाराशी, ठेवू नये, कारण पेट घेतलाच तर तीच वाट अडते. रात्री झोपताना चार्जिंगला लावून निजू नये. चार्जिंगसाठी बहुतेक बनावटींची मर्यादा चाळीस अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुराकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. तेथे दुपारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग करणे म्हणजे बॅटरीला तापात जेवायला घालणे होय. सकाळी किंवा रात्री जागेपणी करावे. वापरून गरम झालेली बॅटरी आधी निवू द्यावी. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत बॅटऱ्या कधीही ठेवू नयेत. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीला पुरती रिकामी करून मग भरण्याची चाल होती. लिथियमला ती मानवत नाही. जोर कमी झालासा वाटला की काढून भरावी. महिनाभर वापरायची नसेल तर निम्मी भरून, थंड कोरड्या जागी ठेवावी.

मघाशी बॅटरी काढून ठेवा म्हणालो, तेव्हा कोठे ठेवायची ते सांगायचे राहिले. खिशात नव्हे. खिशात किल्ल्या असतात, सुटे पैसे असतात, सुताराच्या खिशात खिळे असतात. दोन टोकांमध्ये एक खिळा आडवा पडला की क्षणात तो लालबुंद होतो. टोकांवर टोपण घालावे, आणि खिळ्यांच्या डब्यात बॅटरी टाकू नये. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या मालात टाकू देत नाहीत, जवळ ठेवायला लावतात, त्याचे कारण हेच की पेट घेतला तर निदान माणसाच्या नजरेस पडावा. उंचावरून आपटलेली, फुगलेली, गळणारी, गोडसर उग्र वास येणारी किंवा बसल्या जागी तापणारी बॅटरी पुन्हा वापरू नये. ती घराबाहेर, जळण्यासारखे काही जवळ नसेल अशा जागी ठेवावी आणि विक्रेत्याला कळवावे.

आणि पेटलीच तर? आधी माणसे बाहेर काढा, शक्य असल्यास मुख्य स्विच बंद करा आणि १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा. धूर विषारी असतो, तो छातीत घेऊ नका. घोंगडी टाकून ही आग गुदमरत नाही, कारण तापलेला सेल स्वतःच्या पोटातूनच प्राणवायू सोडतो. तिला शांत करते ते भरपूर पाणी, कारण पाणी सेल थंड करते. वीज बंद आहे आणि आग अगदी लहान आहे, तरच दुरून पाणी ओतावे, आणि विझल्यासारखी दिसली तरी विश्वास ठेवू नये, ती पुन्हा उठते. संपलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडून पेटते आणि हात भाजतो तो सफाई कामगाराचा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा केंद्रावर द्यावी.

निगेबद्दल थोडे. चांगली निगा म्हणजे तेलपाण्याचा सोहळा नव्हे, तर रोजची पाच मिनिटे. काम संपल्यावर बॅटरी काढून कोरड्या फडक्याने अंग पुसावे. मोटारीच्या खाचांतली धूळ मऊ ब्रशने झाडावी, ती तुंबली की मोटार तापते. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरने धुऊ नये, प्लॅस्टिक ठिसूळ होते. बॅटरी बसते तेथील पितळी पट्ट्या कोरड्या आणि स्वच्छ ठेवाव्यात. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते, तेथे पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या आणि आठवड्यातून एकदा पेटी उघडून पाहावी. भिजलेल्या हत्यारात बॅटरी घालू नये. आणि बोथट बिट, बोथट पाते वेळीच बदलावे. बोथट हत्यार कमी कापते म्हणून ते सुरक्षित, असे वाटते. उलट आहे. ते कापत नाही म्हणून आपण रेटतो, आणि रेटलेले हत्यार निसटते. आपले जुने सुतार दिवसाची सुरुवात सहाणेवर पटाशी घासून करीत, त्यात हेच शहाणपण होते.

शेवटी एका प्रश्नाकडे येतो. हे सगळे पाळायचे कोणी? १९४८ साली आपल्याकडे कारखान्यांचा कायदा झाला. फिरत्या यंत्राला कुंपण असावे, डोळ्यांना इजा होण्यासारख्या कामात चष्मा द्यावा, असे दंडक त्यात घातले गेले. यंत्र एका जागी खिळलेले होते, म्हणून निरीक्षकाला ते तपासता येत होते. बॅटरीने यंत्राची ती बेडीही तोडली. यंत्र कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडले, स्कूटरवर बसले आणि आपल्या तिसऱ्या मजल्यावर आले. घरी निरीक्षक येत नाही. तो मुलगा सकाळी नाक्यावर उभा होता, त्याला कामाचे पैसे मिळतात, काळजीचे मिळत नाहीत. त्याने चष्मा घातला काय आणि न घातला काय, मजुरी तीच. आणि लवकर उरक म्हणून मागे लागणारे कोण? आपणच. संध्याकाळी पाहुणे यायचे असतात.

म्हणून जेथे कायद्याचा हात पोचत नाही तेथे यजमानाचा पोचला पाहिजे, असे माझे नम्र मत आहे. सुरक्षेचा चष्मा शेदोनशे रुपयांत मिळतो. तो एक आणि चारदोन चांगले मास्क घरात असू द्यावेत. कारागीर आला की जसे आपण पाणी विचारतो, तसा चष्मा पुढे करावा. त्याला उपदेश करू नये, त्याची कला त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. ‘दादा, हा घाला, घाई नाही,’ एवढे म्हणावे. त्यातले ‘घाई नाही’ हे दोन शब्द चष्म्याइतकेच मोलाचे आहेत. कवच काढलेला ग्राइंडर दिसला तर काम थांबवावे, आणि थांबलेल्या तासाची मजुरी कापू नये. हे केले नाही तर आपल्या भिंतीवरचा सुंदर पडदा कोणाच्या तरी डोळ्याच्या मोलाने लागलेला असेल, आणि ते आपल्याला कधी कळणारही नाही.

हत्यार म्हणजे हाताचा विस्तार असे म्हणतात. मग हात आधी शाबूत हवा. येत्या खंडेनवमीला आपल्या घरचे ड्रिल पाटावर मांडाल तेव्हा बॅटरी काढून वेगळी ठेवा आणि दोघांना दोन फुले वाहा.